ज्याला व्हायचा त्याला होतो

निपाणीत विडीचा विषय निघाला की पाच मिनिटांत कुणाचा तरी आज्जा मध्ये येतोच. "आमच्या आज्ज्यानं साठ वर्षं विडी ओढली. रोज एक बंडल. नव्वदीत गेला, तोबी झोपेत." समोरचा लगेच दुसरं टोक काढतो. "आणि आमच्या गल्लीतले मास्तर? सुपारीचं खांड कधी तोंडात घातलं न्हाई, गेले की घशाच्या कॅन्सरनं." मग दोघंही चहा संपवतात आणि निकाल लागतो : "ज्याला व्हायचा त्याला होतो."

हा निकाल चहाच्या गाड्यावर लागतो, वखारीच्या दारात लागतो आणि लग्नाच्या मांडवात डॉक्टर शेजारी बसलेला असतानाही लागतो. त्याला अडाणीपणा म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण ते खरं नाही. सीमाभागातला माणूस मुळात शंकेखोर. सरकारी कागद कानडीत आला तर तो दोनदा वाचून घेतो. मराठीत आला तर 'हा आला कसा?' म्हणून तीनदा. पुढारी, पोलीस, बँक, खताचं पोतं, काट्यावरचं वजन, सगळ्यांवर त्याची नजर असते. इतकी तल्लख शंका विडीच्या धुरापाशी आली की गप्प का बसते, एवढाच माझा प्रश्न होता. तो विचारत निपाणीपासून बेळगावापर्यंत आलो तेव्हा लक्षात आलं, की गप्प बसण्याची जागा विडी ही एकच नाही.

आधी या भागाच्या जुन्या दुखण्याचं, म्हणजे महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादाचंच घ्या. १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगानं पुढच्या वर्षी अहवाल दिला. बेळगाव शहर तेव्हाच्या म्हैसूर राज्यात ठेवावं आणि निपाणीसह २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत, असं त्यात होतं. महाराष्ट्रानं अहवाल नाकारला. कर्नाटक म्हणतं, अहवाल हाच शेवटचा शब्द. पण २६४ गावं काही त्यानं सोडली नाहीत. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला आणि दावा अजून तिथेच आहे. ही झाली कागदावरची गोष्ट. निपाणीच्या कट्ट्यावरचं ऐका : "महाजननं सुद्धा निपाणी महाराष्ट्रालाच दिलीती." त्याच माणसाला बेळगावबद्दल विचारा. "त्या महाजनला काय कळतंय?" दोन वाक्यांत एका श्वासाचंही अंतर नसतं. बेंगळुरूत बसलेला माणूस हेच उलट्या क्रमानं म्हणतो. अहवालातली आपल्या सोयीची ओळ ठेवायची आणि बाकीच्या पानांना आग लावायची, याचा सराव इथल्या दोन्ही बाजूंना सहा दशकांचा आहे. मराठी माणसाची बाजू न्यायाची आहे असं मी मानतो. पण सराव तो सरावच.

आता तंबाखू.

निपाणीची तंबाखू म्हणजे विडीची तंबाखू. काळ्या जमिनीत, बेताच्या पाण्यावर येणारं हे पीक. पावसाळ्यात रोप लावायचं, शेंडा खुडायचा, फुटवे काढत राहायचं, थंडी सरता सरता तोडायचं आणि रानातच उन्हात वाळवायचं. पुढचं काम वखारीत. तिथं डोक्यापासून नाकापर्यंत पदर घट्ट गुंडाळून बायका तंबाखू चाळत असतात. नवखा माणूस दारात उभा राहिला तरी त्याला शिंका आणि ठसका सुरू होतो. मावश्या हसतात. "दोन दिस ऱ्हावा, सवय हुतीया." त्यांतलीच एक, पदर बाजूला करून, पहिल्या महिन्यात आपल्याला रोज कसं मळमळायचं ते सांगते. पोटात अन्न ठरायचं नाही. आणि लगेच पुस्ती जोडते : "तंबाखूनं न्हवं. माझी पित्ताची परकृती हाय." चाळणी पुन्हा हलायला लागते.

या बायकांची संघटना बांधली प्रा. सुभाष जोशी यांनी. ते पुढे निपाणीचे आमदार झाले. दीपा धनराज यांच्या युगांतर गटानं १९८२ साली या कामगार स्त्रियांवर माहितीपटही केला. त्याच्या आदल्याच वर्षी शेतकऱ्यांचा उठाव झाला होता. १९७९पर्यंत कच्च्या तंबाखूवर केंद्र सरकारचा अबकारी कर होता. म्हणजे या पिकात सरकारचा वाटा होता. व्यापाऱ्याचा वाटा तर होताच. भाव मात्र शेतकऱ्याच्या हातात नव्हता. १४ मार्च १९८१ला शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी पुणे-बेंगळुरू महामार्गावर ठाण मांडलं. मराठी बोलणारे होते तसे कानडी बोलणारेही होते. ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि १२ शेतकरी मेले.

निपाणीच्या म्हाताऱ्यांशी बोलताना ही तारीख आली नाही असं होत नाही, आणि ती का येते हे समजून घ्यायला हवं. ज्या पिकाच्या भावासाठी माणसं गोळ्या खाऊन मेली, त्या पिकाबद्दल मुंबई-दिल्लीचा कुणी येऊन 'हे विष आहे' म्हणाला, की ऐकणाऱ्याला त्यात विज्ञान ऐकू येत नाही. त्याला वाटतं, आणखी एक जण भाव पाडायला आला. शहरातल्या आरोग्यवाल्यांना हे कळायला फार वेळ लागला. काहींना अजून कळलेलं नाही. भारतानं २००४ साली जागतिक तंबाखू नियंत्रण करारावर मोहोर उठवली. तंबाखूच्या शेतकऱ्याला आणि कामगाराला दुसरं पोटापाण्याचं साधन मिळवून देण्याची भाषा त्या करारात आहे. ज्याच्या विहिरीला पाणी लागलं तो उसाकडे वळला, काहींनी सोयाबीन धरलं. ते त्यांचं त्यांनी केलं. करारानं त्यांच्या बांधावर काही आणून दिलं, असं सांगणारा शेतकरी मला भेटला नाही.

इथपर्यंत मी निपाणीकरांच्या बाजूचा आहे. आज्ज्याच्या दाखल्यापाशी मात्र त्यांची बाजू सोडावी लागते.

नव्वदीत गेलेला आज्जा सगळ्यांनी पाहिलेला असतो. पन्नाशीत गेलेला आज्जा नातवानं पाहिलेलाच नसतो. त्याचा फोटो भिंतीवर असतो, आणि तो कशानं गेला विचारलं तर "छातीत कायतरी झालंतं" एवढंच घरात शिल्लक असतं. कट्ट्यावर दाखला द्यायला जगलेलाच येतो. मेलेल्यांची मोजदाद कुणीतरी बसून, वही घेऊन करावी लागते. ती केली वसंत रामजी खानोलकरांनी. हे विकृतिशास्त्रज्ञ मुंबईच्या टाटा रुग्णालयात होते. संघवी, राव आणि खानोलकर या तिघांनी तंबाखू ओढणं, तंबाखू चघळणं आणि तोंड-घशाचा कर्करोग यांचा संबंध तपासला आणि ते काम १९५५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. आपल्याच माणसांच्या तोंडांचा हा अभ्यास होता.

साठ वर्षांनी, २०१५मध्ये, नगरचे खासदार दिलीप गांधी संसदीय समितीच्या अध्यक्षपदावरून म्हणाले, की तंबाखूनं कॅन्सर होतो हे दाखवणारा भारतीय अभ्यास नाही. जे आहेत ते सगळे परदेशी. पाकिटांवरची चित्रं मोठी करण्याचा नियम तेव्हा लांबला. तो १ एप्रिल २०१६पासून लागू झाला आणि बंडलाचा ८५ टक्के भाग इशाऱ्यानं व्यापला. कर्नाटक उच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७मध्ये नियम रद्द केला, तर पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. कट्ट्यावरचा माणूस आज्जा पुढे करतो आणि खासदार 'परदेशी अभ्यास' पुढे करतात. फरक एवढाच, की खासदारांच्या टेबलावर टाटाचे कागद मागवता आले असते.

विडीबद्दल आणखी एक समजूत या पट्ट्यात घट्ट आहे : विडी म्हणजे पाला, सिगारेट म्हणजे कागद आणि केमिकल, म्हणून विडी बरी. विडीत तंबाखू कमी असते हे खरं. पण टेंभुर्णीचं पान नीट जळत नाही. विडी विझू नये म्हणून झुरके जास्त आणि खोल घ्यावे लागतात, आणि निकोटिन, डांबर छातीत जातं ते सिगारेटहून कमी नसतं, बरेचदा जास्तच. हे समजावून सांगितल्यावर एक काका म्हणाले, "म्हणजे सिगरेट ओढू म्हणता?" यावर मी काय उत्तर देणार!

डोळ्यांचा अंदाज आणि मोजलेली गोष्ट यांतला फरक दाखवणारं जगातलं एक नावाजलेलं उदाहरण बेळगाव जिल्ह्यातलंच आहे, आणि जिल्ह्यातल्या फारशा कुणाला ते ठाऊक नाही. बाळंतपणानंतर होणारा रक्तस्राव हे बाईच्या मरणाचं मोठं कारण. खेड्यातल्या उपकेंद्रात किंवा घरी बाळंतीण असताना किती रक्त गेलं हे सुईण, नर्स नजरेनंच ठरवायची. नजर नेहमी कमी सांगते. रक्त चादरीत मुरतं, जमिनीवर पसरतं, पुसलं जातं. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर बाळंतिणीखाली घालायची प्लास्टिकची चादर वापरली. तिला खाली पिशवीसारखा खोलगट भाग आणि त्यावर मापाच्या खुणा. रक्त त्यात साठतं आणि आकडा समोर दिसतो. सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ या काळात जिल्ह्यातल्या खेड्यांमधल्या १,६२० बायकांवर चाचणी झाली. निम्म्यांना बाळंतपणानंतर मिसोप्रोस्टॉलची गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी. कुणाला कुठली, हे देणारीलाही माहीत नाही. ही सगळी बाळंतपणं २५ एएनएम सिस्टरांनी केली. डॉक्टरही नव्हते, मोठं हॉस्पिटलही नव्हतं. औषध न मिळालेल्यांत १२ टक्के बायकांना अतिरक्तस्राव झाला, गोळी मिळालेल्यांत ६.४ टक्क्यांना. तीव्र स्रावाचं प्रमाण १.२ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यांवर आलं. २००६मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये आलं, आणि २०११मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं या वापरासाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली.

यात मला सर्वांत मोठी वाटते ती सिस्टर. तिच्या पदाला मान नाही, रस्त्याला दिवा नाही, आणि तरीही ती पिशवीतल्या रक्ताचा आकडा जसा आहे तसा वहीत लिहिते. आकडा गोड करण्यात तिचा काही फायदा नव्हता, आणि तोटा होईल अशी भीतीही तिला नव्हती. जबाबदारी म्हणजे काय यावर आपल्याकडे भाषणं पुष्कळ होतात. मला त्यांपेक्षा ही वही पुरेशी वाटते.

कोविडमध्ये आपली ही सोयीपुरती शंका एकदम उघड्यावर आली. जुलै २०२०मध्ये कोव्हॅक्सिनच्या मानवी चाचण्यांसाठी देशभरातली १२ केंद्रं निवडली गेली, त्यांत बेळगावचं जीवनरेखा हॉस्पिटल होतं. सप्टेंबरात बेळगावचे खासदार आणि रेल्वे राज्यमंत्री सुरेश अंगडी कोविडनंच गेले. म्हणजे आजार थोतांड आहे म्हणायला या जिल्ह्यात तरी जागा नव्हती. १६ जानेवारी २०२१ला देशात लसीकरण सुरू झालं. त्याच्या दुसऱ्याच दिवशी बेळगावच्या जिल्हा क्रीडांगणावर केंद्रीय गृहमंत्री अमित शहांची सभा झाली. गर्दी मोठी, मास्क थोडे. पोलिसांनी दंड वसूल केला तो सगळा मिळून २०,९०० रुपये. कर्नाटक उच्च न्यायालयानं पुढे त्यावर पोलिसांना चांगलंच फटकारलं. पण तोवर सामान्य माणसानं आपला धडा घेतला होता.

महिनाभरात कोगनोळी नाक्यावर बॅरिकेड लागली. महाराष्ट्रातून येणाऱ्याकडे आरटीपीसीआर निगेटिव्ह रिपोर्ट हवा. निपाणीच्या माणसाचं अर्धं आयुष्य कागल-कोल्हापुरात जातं. नोकरी तिकडं, दवाखाना तिकडं, सासुरवाडी तिकडं. निपाणीचं म्हणून ओळखलं जाणारं देवचंद कॉलेजसुद्धा अर्जुननगरला, म्हणजे कागल तालुक्यात, महाराष्ट्राच्या हद्दीत. नाक्यावर अडलेला माणूस विषाणूबद्दल बोलत नव्हता. "स्टेडियमवर हजारो मानसं चालत्यात, माझी एक स्प्लेंडर चालत न्हाई?" त्याला उत्तर नव्हतं. आणि त्या रागाचा एक भाग असाही होता, की तपासणी म्हणजे कर्नाटकची दादागिरी. हीच तपासणी पलीकडच्या बाजूनं लावली असती तर ती खबरदारी ठरली असती. मग लोक आडवाटांनी, रानातल्या रस्त्यांनी जायला लागले. पोलिसाला चुकवण्यात मर्दुमकी होती. घरातल्या म्हातारीच्या फुप्फुसाचा विचार त्या वाटेवर कुणी केल्याचं मला आठवत नाही.

१७ एप्रिलला, दुसरी लाट चढत असताना, अंगडींच्या जागेसाठी पोटनिवडणूक झाली. मे महिन्यात बेळगाव दक्षिणचे आमदार अभय पाटील यांनी हवा शुद्ध व्हावी म्हणून ठिकठिकाणी होम करवले, होमाचे गाडे गल्ल्यांमधून फिरवले. त्याच महिन्यात गोकाक तालुक्यातल्या कोन्नूरजवळ मरडीमठाचा घोडा मेला. रोगराई जावी म्हणून त्याला गावातून सोडलं होतं, अशी लोकांची श्रद्धा. टाळेबंदी असताना त्याच्या अंत्ययात्रेला शेकडो लोक जमले, व्हिडिओ देशभर फिरला आणि गाव सील झालं. टीव्हीवाले हसले. मला हसू आलं नाही. त्या आठवड्यांत ऑक्सिजन मिळत नव्हता, खाट मिळत नव्हती, घोडा मिळाला. पण आमदाराची गोष्ट वेगळी. त्याच्याकडे जिल्हाधिकाऱ्याचा नंबर असतो.

या भागात अंधश्रद्धेविरुद्ध बोलणारा राजकारणी नाही असंही नाही. यमकनमर्डीचे आमदार सतीश जारकीहोळी आणि त्यांची मानव बंधुत्व वेदिके दरवर्षी ६ डिसेंबरला, आंबेडकरांच्या महापरिनिर्वाणदिनी, बेळगावच्या सदाशिवनगर स्मशानात कार्यक्रम घेतात; तिथंच जेवण, तिथंच रात्रीचा मुक्काम. २०२१च्या पोटनिवडणुकीत ते काँग्रेसचे उमेदवार होते आणि मंगला अंगडींकडून सव्वापाच हजारांच्या आसपास मतांनी हरले. महाराष्ट्र एकीकरण समितीच्या शुभम शेळकेंनी एक लाखाहून अधिक मतं घेतली. नोव्हेंबर २०२२मध्ये जारकीहोळी निपाणीतच 'हिंदू' या शब्दाच्या उगमावर बोलले, गदारोळ झाला आणि त्यांनी विधान मागं घेतलं. तेव्हा निपाणीच्या आमदार शशिकला जोल्ले राज्याच्या मुजराई, म्हणजे देवस्थान खात्याच्या मंत्री होत्या. स्मशानात झोपणारे नेते आणि तेव्हा देवळांचं खातं सांभाळणाऱ्या मंत्री, दोघांनाही इथलाच मतदार निवडून देतो, आणि दोघांच्या सभेत विडी ओढून झाल्यावर म्हणतो, "राजकारण्याचं सगळं खोटं."

सगळंच खोटं म्हटलं की काही तपासायची गरज उरत नाही. हे वाक्य शंकेसारखं दिसतं, पण त्यात शंका नाही, आळस आहे.

खऱ्या शंकेची किंमत काय असते, हेही याच रस्त्यानं पाहिलं आहे. अंधश्रद्धेविरुद्ध बोलणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांचा खून पुण्यात झाला, २० ऑगस्ट २०१३ला. गोविंद पानसरेंवर कोल्हापुरात गोळ्या झाडल्या, फेब्रुवारी २०१५मध्ये. त्याच वर्षी ३० ऑगस्टला धारवाडला एम. एम. कलबुर्गी. ५ सप्टेंबर २०१७ला बेंगळुरूत गौरी लंकेश. चारही शहरं एकाच महामार्गावर आहेत, आणि निपाणी-बेळगाव मधोमध. महाराष्ट्रानं जादूटोणाविरोधी कायदा दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३मध्ये केला, कर्नाटकनं आपला २०१७मध्ये. दाभोलकर खटल्यात १० मे २०२४ला पुण्याच्या न्यायालयानं दोघांना जन्मठेप दिली, तिघांना सोडलं. निपाणीत हा विषय काढला की लोक आवाज खाली आणतात. "कशाला बोलायचं?" पुढच्या ग्लासातला चहा ढवळला जातो. इथं मात्र कुणी 'ज्याला व्हायचं त्याला होतं' म्हणत नाही, याची मी नोंद घेतली आहे.

जबाबदारीचं विचारलं की साखळी अशी लागते. ओढणारा म्हणतो, सरकारनं बंदी का घातली नाही? सरकार म्हणतं, लाखो विडी कामगारांचं काय? कारखानदार कामगारांना पुढं करतो. कामगार बाई म्हणते, काम सोडून पोरांना काय घालू? शेतकरी म्हणतो, ऊस लावायला पाणी दे. या ओळीत मजूर बाई आणि कोरडवाहू शेतकरी सोडले तर बाकी कुणाचंही उत्तर मला पटत नाही. महाराष्ट्रानं गुटखा बंद केला २०१२मध्ये, कर्नाटकनं २०१३मध्ये. तरी कागल-निपाणी रस्त्यावर गुटख्याच्या गाड्या पकडल्याच्या बातम्या संपत नाहीत. "आमच्यात तयार हुतो, खानारं गिऱ्हाईक तुमचं," इकडचा म्हणतो. "तुम्ही पाठवताय म्हणून खातोय," तिकडचा. सप्टेंबर २०२५मध्ये जीएसटी परिषदेनं सिगारेट ४० टक्क्यांच्या गटात टाकली आणि विडीवरचा कर २८वरून १८ टक्क्यांवर आणला, टेंभुर्णीच्या पानांवरचा १८वरून ५वर. विडी बरी, ही कट्ट्यावरची समजूत आता करपत्रकातही जाऊन बसली.

२०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के आणि कर्नाटकातले २२.८ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते. त्यांत हा लेख वाचणारे किंवा वाचणाऱ्यांच्या घरातले बरेच असणार. त्यांच्यासाठी एवढंच : बंडलावर त्या घाण चित्राजवळ एक नंबर छापलेला असतो, १८००-११-२३५६. चष्मा लावून बघा किंवा नातवाकडून वाचून घ्या. फोन फुकट आहे. सोडायची कशी ते सांगतात, पुन्हा फोन करून चौकशी करतात. मराठीत बोलतात आणि कानडीतही.